साडेबाराचं ताट

चहाचं गाळणं एकच का, असा निरोप मला एका रविवारी सकाळी सातला आला, तेव्हा मी जळगावात, पिंप्राळ्यातल्या माझ्या घरी माझ्या एकुलत्या एक गाळण्यानं चहा गाळत होते. निरोप पाठवणाऱ्या बाई पुण्याच्या. धरणगावच्या पुढे आमचं शेत आहे, तिथे बांधलेल्या दोन खोल्यांत त्या नवरा-मुलांसह दोन दिवस राहायला आल्या होत्या. साध्या चहाचं गाळणं ग्रीन टीला वापरलं की चव बिघडते, असं त्यांचं म्हणणं. मी 'आज आणून देते' असं लिहिलं, खाली हात जोडलेलं चित्र टाकलं आणि फोन पालथा ठेवला. मनात होतं ते लिहिलं असतं तर त्या खोल्यांकडे पुन्हा कुणी फिरकलं नसतं.

खोल्या माझ्या भावानं बांधल्या. तो सुरतेला असतो. म्हातारपणी इथे येऊन राहीन म्हणाला, चकचकीत टाइल्स बसवल्या, वर गच्ची काढली, आणि आला मात्र नाही. आबा, म्हणजे आमचे वडील, त्याच शेतात तीस पावलांवरच्या जुन्या पत्र्याच्या घरात एकटे राहतात. वय ब्याऐंशी. आई गेल्यावर मी त्यांना पिंप्राळ्याला चला म्हणून किती विनवलं! पण लेकीच्या घरी राहायचं नाही, हे त्यांचं ठरलेलं. डॉक्टरांकडे जळगावला आले तरी माझ्याकडे अर्धा कप चहा घेतात, तोही खुर्चीच्या कडेवर टेकून, आणि पुढच्या बसनं परत. शाळेतली नोकरी सोडल्यावर मीच मग ठरवलं की या खोल्या सुट्टीवर येणाऱ्यांना द्यायच्या. माणसांची ये-जा राहील, आबांना बोलायला कुणी मिळेल, आणि पाहुणे असतील त्या दिवशी माझंही शेतावर जाणं होईल.

जाहिरातीत मी स्पष्ट लिहिलं होतं: जेवण मिळणार नाही, स्वयंपाकघर मिळेल, आपलं आपण करून खावं. तीस वर्षं मी शाळा सांभाळून दोन्ही वेळचा स्वयंपाक केला होता. आता परक्यांसाठी पोळ्या लाटायची माझी अजिबात तयारी नव्हती. शेजारच्या मळ्यातल्या अक्का आबांचं रांधायला येतात, त्याच या खोल्या झाडून-पुसून देतात. त्यांच्यावर आणखी भार टाकणं मला पटेना. शेगडी, कुकर, तवा, पोळपाट-लाटणं, चार पातेली, डाव, सुरी, ताट-वाट्या एवढं मांडलं आणि माझ्या मते स्वयंपाकघर झालं.

आबांना मात्र ही व्यवस्था ऐकूनच धक्का बसला.

"पाव्हना सोता रांधतस?" ते मला म्हणाले. "आनि आपन देखत बठानं?"

"आबा, त्यांना तेच हवं असतं. ते त्यासाठीच येतात."

"आसं कोठे ऱ्हास का?"

आमच्या घरी ते कुठेच नव्हतं, हे खरं. गुरांचा डॉक्टर असो, लग्नाची पत्रिका घेऊन आलेला लांबचा भाचा असो, नाहीतर विहिरीतली मोटार काढायला आलेली माणसं असोत. शेतावर पाहुणा असेल आणि तो जेवला नसेल तर आबा ताटावर बसत नसत. लहानपणी मला त्याचं काही वाटायचं नाही. बापाला भूक सोसते, एवढंच मी समजायची. आता त्याच बापाला साखरेचा आजार आहे. सकाळी आठला गोळी आणि दुपारी साडेबाराला जेवण, त्यात चालढकल चालणार नाही, असं डॉक्टरांनी माझ्यासमोर दोनदा बजावलेलं. गोळी पोटात असताना जेवण लांबलं की साखर झर्रकन खाली येते, माणूस कोसळतो. आबा गोळी अगदी आठच्या ठोक्याला घेतात. गोळीपुरतं डॉक्टरांचं ऐकायचं आणि जेवणापुरतं पाहुण्यांचं, अशी त्यांनी वाटणी करून टाकली.

आणि माझे पाहुणे! सुट्टीवर आलेला माणूस साडेबाराला जेवत नाही, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. तो दहाला उठतो. अकराला चहा पितो. मग गच्चीवर उभा राहून कपाशीचे फोटो काढतो. एक वाजता त्याला आठवतं की स्वयंपाक करायचा आहे. तेव्हा तो स्वयंपाकघरात शिरतो आणि काय काय नाही, ते मोजायला लागतो.

पहिल्यांदा नडली ती सुरी. नाशिकचं एक जोडपं होतं. सुरीला धार नाही म्हणून दोघं गाडी काढून धरणगावला गेले. सुरी घेतली, मग बाजार बघितला, मग कुठेतरी शेव-कचोरी खाल्ली, आणि साडेतीनला परत येऊन कांदा चिरायला घेतला. इकडे आबा लिंबाखाली खाटेवर बसून त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघत होते. मी खोलीच्या मागे पाण्याची टाकी धूत होते. अक्कांची हाक आली म्हणून धावले, तर आबा घामानं ओले, हात थरथरताहेत, मला भलत्याच नावानं हाक मारताहेत. अक्कांनी साखरेचं पाणी पाजलं. दहा मिनिटांनी डोळ्यांत ओळख आली.

"मी दोनदा ताट वाढं," अक्का रडकुंडीला येऊन म्हणाल्या. "आबा ऐकतस का मनं?"

मी आबांवर इतकी चिडले होते की माझा आवाज चिरकला. "ताट समोर असताना उपाशी बसायचं! कुणासाठी? त्यांना तुमचं नावसुद्धा माहीत नाही!"

"पाव्हना उपाशी शेतस," ते म्हणाले, "मंग मी कसा जेवू?"

त्या दिवसापासून मी पाहुण्यांना जेवायला लावायच्या मागे लागले. त्यांचं एक वाजेपर्यंत आटपावं म्हणून जे मागतील ते मी आणून ठेवू लागले. दोन सुऱ्या आणल्या, एक भाजीची, एक पावाची. कुकरची रिंग सैल आहे म्हणाले, नवा कुकर आणला. मिक्सर आणला, तर चटणीचं छोटं भांडं का नाही म्हणाले, तेही आणलं. आलं किसायची बारीक किसणी, बटाट्याचं सोलणं, इडलीपात्र, डोशाचा वेगळा तवा, बाटलीचं बूच काढायचं ते वेटोळं. इंदूरच्या एका गृहस्थांना पनीर तोलून खायचं असायचं, त्यांच्यासाठी छोटा वजनकाटा. एका मारवाडी कुटुंबाला कांदा-लसूण न शिवलेली भांडी हवी होती, ती वेगळी आणून वर चिठ्ठी चिकटवली. पुढच्याच आठवड्यात कुणीतरी त्यात अंडी उकडली. एक बाई कुत्रा घेऊन आल्या आणि त्याच्यासाठी खोलगट थाळी मागितली. ती मी दिली. आबांनी त्या कुत्र्याचं जेवण झालं का, याचीही चौकशी केली.

हिवाळ्यात भरीत खायला येणारे तर विचारूच नका. त्यांना वांगी भाजायला कपाशीच्या काड्या हव्यात, पण धूर नको. भरीत कुटायला बडगी हवी. लाकडाची ती उखळीसारखी बडगी मी हौसेनं मिळवली, तर त्यांनी तिच्यात मोबाइल आणि चष्मे ठेवले आणि भरीत मिक्सरमधून काढलं. वांगी भाजून, सोलून मिळतील का, असं विचारणाराही एक निघाला. मग भाऊ, तुम्ही करणार काय, एवढंच मी विचारायचं बाकी ठेवलं.

पिंप्राळ्याहून शेत गाठायला स्कूटरवर तास लागतो. पायाशी पिशवी, पिशवीत कधी टोस्टर, कधी चाळणी. पेट्रोल पंपावरचा माणूस हसायला लागला, म्हणाला, "ताई, लग्न कुणाचं?"

वस्तू वाढल्या, जेवणाची वेळ काही अलीकडे सरकेना. उलट जितकी भांडी जास्त तितके बेत मोठे. आधी पिठलं करून मोकळे होणारे लोक आता पास्ता करत बसले. मी जाहिरातीत 'दुपारचं जेवण कृपया एकच्या आत' अशी ओळ घातली. त्यावर एकानं अभिप्राय दिला की जागा छान, पण वसतिगृहात राहिल्यासारखं वाटलं. दुसऱ्या एका मुलीनं मला 'ब्रंच' समजावून सांगितला. सकाळचा नाश्ता आणि दुपारचं जेवण मिळून एकच, अकराला. मी आनंदानं आबांना जाऊन सांगितलं, "त्यांचं जेवण झालंसुद्धा!" आबांनी उठून स्वतः दारात जाऊन विचारलं, काय खाल्लं? मुलगी म्हणाली, टोस्ट आणि फळं. आबा परत येऊन खाटेवर बसले. टोस्टला ते जेवण मानत नाहीत.

मग मी खोटं बोलायला लागले. "जेवले ते, मी बघितलं. माझंही झालं." दोन-तीनदा खपलं. चौथ्यांदा पाहुण्यांपैकीच एक गृहस्थ पावणेदोनला खाटेपाशी आले आणि आबांना म्हणाले, "आजोबा, थोडी हळद मिळेल का? आत्ताच भाजी टाकतोय." आबांच्या हातात भाकरीचा तुकडा होता. त्यांनी तो ताटात परत ठेवला आणि ताट झाकून बाजूला सारलं. मला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून जास्तच राग आला. भुकेल्या माणसाला खोटं बोलून जेवू घालायची वेळ माझ्यावर यावी!

थंडी सरता सरता धुळ्याचं एक कुटुंब आलं. माणसं आपल्यातली. बारा वाजता त्यांची शेवभाजी तयार, साडेबाराला सगळे आडवे. मला त्या लोकांना ओवाळावंसं वाटलं. मी निर्धास्त मनानं गच्चीवरच्या नळाचं काम घेऊन बसले. जाता जाता आबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "तू जेवनी का?" मी नेहमीप्रमाणे म्हटलं, "नंतर जेवते, डबा आणलाय." अडीचला अक्कांची हाक आली. पुन्हा घाम, पुन्हा थरथर, या वेळी जीभही जड. ताट झाकलेलं तसंच.

साखर पोटात गेल्यावर ते सावरले, पण माझा तोल गेला होता. पाहुणे दोन तासांपूर्वी जेवून घोरत होते, मग आबा का जेवले नाहीत? मी अक्कांना नाही नाही ते बोलले. तुम्ही त्यांना सांगितलं नसेल, तुमचं लक्ष नव्हतं, तुम्ही मळ्यात निघून गेला असाल. अक्का पदर तोंडाला लावून ऐकत राहिल्या. आबा भिंतीकडे तोंड करून पडले होते, त्यांनीही काही सांगितलं नाही.

डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर एक दिवस साखर द्यायला कुणी जवळ नसेल. मी त्याच संध्याकाळी सगळ्या नोंदी रद्द केल्या. खोल्या बंद. भावाला फोन करून सांगितलं, तो 'बरं केलंस' म्हणाला. मला वाटलं, सुटलो. पाहुणाच नाही म्हटल्यावर आबा आता कुणासाठी उपाशी बसतील?

दहा-बारा दिवसांनी, एका बुधवारी, मी तिथलं सामान आवरायला गेले. स्वयंपाकघरातली एकेक वस्तू पुसून खोक्यात भरत होते आणि मनातल्या मनात एकेका पाहुण्याला शिव्या देत होते. चहाची दोन गाळणी. वजनकाटा. कुत्र्याची थाळी. अर्धवट फोडलेल्या मिठाच्या तीन पिशव्या. साडेबाराला आबा दारात आले.

"तू जेवनी का?"

"नाही हो. हे आवरते, मग बसते. तुम्ही जेवी ल्या."

ते गेले. मी आवरत राहिले. बेताची भूक होती, डबा होता, घाई कशाची? दोन वाजून गेल्यावर मी पाणी प्यायला बाहेर आले तर आबा लिंबाखाली खाटेवर बसलेले, तोंड या दाराकडे. मांडीवरचा हात थरथरत होता. शेजारी स्टुलावर झाकलेलं ताट.

या वेळी साखर मीच पाजली. अक्का जवळ उभ्या होत्या. थोडी धुगधुगी आल्यावर मी ओरडले, "आता कोण आहे? कोण पाहुणा आहे इथे? खोल्या बंद केल्या मी!"

आबांनी ओठ पुसले आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की इतकी शिकलेली मुलगी आणि एवढं कळू नये.

"तू शे ना," ते म्हणाले.

मला वाटलं, साखर अजून चढली नाही, भ्रमात बोलताहेत. मी अक्कांकडे बघितलं. अक्का खाली मान घालून म्हणाल्या, "तू नही ऱ्हास तवय आबा साडेबाराले बरोबर जेवतस, ताई."

मी नसते तेव्हा आबा साडेबाराला बरोबर जेवतात. पाहुणे असले की मी शेतावर जायची, म्हणून मला पाहुण्यांचाच राग. नाशिकचे येवोत नाहीतर धुळ्याचे, त्या प्रत्येक दुपारी मीही तिथे होते, 'नंतर जेवते' म्हणत होते. अक्कांना ते ठाऊक होतं. मी त्यांना तोडून बोलले तेव्हाही त्यांना ते ठाऊक होतं, आणि माझ्या तोंडावर सांगायला त्यांना संकोच वाटला.

"मी पाहुणी?" मी म्हटलं. रडू येत होतं आणि ते येऊ द्यायचं नव्हतं. "या विहिरीत मी पोहायला शिकले. तो लिंब मी आणि आईनं लावला. तुमची औषधं, तुमचा डॉक्टर, तुमच्या मोटारीचं बिल, सगळं मी बघते. आणि मी पाहुणी?"

"आंडेर पाव्हनीच ऱ्हास, बेटा," आबा म्हणाले. आंडेर म्हणजे लेक. अगदी मायेनं म्हणाले, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. भांडायलाही जागा नव्हती. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी माझ्या घरचा अर्धाच कप चहा का घेतला, खुर्चीच्या कडेवरच का टेकले, ते मला तेव्हा एकदम कळलं. मी समजत होते ते आपल्या हट्टानं वागतात. ते मला माझ्या घरची आणि स्वतःला त्यांच्या घरचे मानून वागत होते, आणि मी दोन्ही घरं माझी समजून चालले होते.

खोल्या अजून बंदच आहेत. अधूनमधून फोनवर कुणीतरी विचारतं, कॉफीचं यंत्र आहे का, लहान बाळाची उंच खुर्ची आहे का. मी उत्तर देत नाही. बुधवारी आणि शनिवारी मात्र मी साडेअकरालाच शेतावर पोहोचते. डबा नेत नाही. अक्कांची मी माफी मागितली, त्या 'जाऊ दे ताई' म्हणाल्या आणि त्यांनी मला भाकरी करायला बसू दिलं नाही, पाटावर बसवलं.

परवाच्या शनिवारी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी होती, वांग्याची भाजी, वर तेल-मिरचीचा ठेचा. दोन ताटं. आबांनी हात धुतले, पण ताटाला हात लावला नाही. माझ्या तोंडाकडे बघत बसले. मी पहिला घास घेतला तेव्हा त्यांनी भाकरी मोडली. घड्याळात बारा पस्तीस झाले होते.

"काही लागत व्हई त सांग," ते म्हणाले. "लाजू नको."

काय लागतं म्हणून सांगू? दोन वर्षं मी लोकांना गाळणी आणि चाळण्या पुरवल्या. मला एकच गोष्ट हवी होती, त्या घरात पाहुणी नसणं, आणि ती आबांकडे मागून मिळण्यातली नव्हती. डोळे भरून आले ते ठेच्यावर ढकलून मी खाली बघत जेवत राहिले. आबा अजून माझ्या उत्तराची वाट बघत होते. त्यांचा घास हातातच थांबला होता.

भाजीत मीठ अगदी बरोबर होतं.

"आबा," मी म्हटलं, "थोडं मीठ लागेल."

अक्का उठत होत्या, त्यांना त्यांनी हातानं थांबवलं. गुडघ्यावर हात टेकून स्वतः उठले, फळीवरची बरणी काढली आणि वाकून माझ्या ताटात मीठ वाढलं. मग खाली बसून पोटभर जेवले.